प्रस्तावनेची जामीनकी

नव्या पुस्तकांची दखल घेण्याच्या मराठी रीतींत ‘साभार पोच’ सर्वांत निरुपद्रवी. पुस्तकाचे नाव, लेखक, पाने, किंमत, बाकी मौन. वाचकाचे एवढ्यावर भागत नाही. आठवणी, ऐतिहासिक कादंबरी किंवा इतिहासाचे पुस्तक हाती घेताना ‘कसे आहे’ याच्या आधी ‘यातले खरे किती मानायचे’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर आपल्याकडे परीक्षणांपेक्षा प्रस्तावनांनी अधिक दिले आहे. जाणत्या माणसाने पुस्तकाच्या दारातच उभे राहून जामीन राहायचे, अशी ती रीत. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली निघाल्या त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे यांना गुरू मानणारा माणूस त्यांच्या घरातल्या आठवणींना साक्ष राहिला होता.

यावर आक्षेप ठरलेला: प्रस्तावना म्हणजे भिडेखातर केलेली स्तुती. पुष्कळ प्रस्तावना तशा असतात, हे कबूल. पण रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. कादंबरीची वाहवा बाजूला ठेवून ती शिवचरित्राचीच उलटतपासणी करते. महाराजांचे मोठेपण केवळ लढायांच्या जयात शोधू नका, त्यांच्यामागे रयत औरंगजेबाशी वर्षानुवर्षे का झुंजत राहिली ते विचारा, असा तिचा रोख. वाचक कादंबरीत शिरतो तो हा प्रश्न घेऊनच. मलपृष्ठावरच्या चार गोड ओळींना हे जमत नाही. त्यांच्याखाली बहुधा कोणाची सहीही नसते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जामीन राहणारा कधी कधी मालातच हात घालतो. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, १८५७च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, लुबाडले गेले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. ती हकीकत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापली, पण मजकुरात फेरफार करून. इंग्रजी अमलात बंडाची हकीकत छापायची, तर सावधपणा समजण्यासारखा आहे. तरी गोडसे भटजींचे म्हणून लोक वाचत होते त्यात वैद्यांचा हात होताच. दत्तो वामन पोतदारांनी मूळ बखर छापली ती १९६६ साली. म्हणून रीत मोडीत काढावी असे मात्र नाही. वैद्य नसते तर हे बाड लोकांपुढे केव्हा आले असते, कोण जाणे. आजही दुकानात ‘माझा प्रवास’ दिसला, तर किंमत पाहण्याआधी प्रस्तावना उघडा आणि संहिता वैद्यांची आहे की पोतदारांची, तेवढे पाहून घ्या.