विल्टशर : जुन्या छायाचित्रांतून दिसणारा परगणा

मराठी ख्रिस्ती वाचकाला इंग्लंडमधील विल्टशर परगण्याचे नाव अगदीच परके वाटू नये. 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास याच परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. ज्या भूमीने आपल्याला हा मराठी कवी दिला, तिनेच पुढे जगाला कागदावरील छायाचित्राची कलाही दिली. म्हणूनच या परगण्याचा इतिहास जुन्या छायाचित्रांतून आणि चित्रकार्डांतून वाचणे उद्बोधक ठरते.

या कलेचा जन्म झाला तो लेकॉक गावी, एका जुन्या मठाच्या वास्तूत. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये व्रतस्थ भगिनींसाठी हा मठ स्थापन केला. तीनशे वर्षे तेथे प्रार्थनेचे स्वर घुमले. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला आणि लवकरच ती वास्तू खासगी मालकीत गेली. पुढे तिचा वारसा विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या संशोधकाकडे आला. १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात त्याने एका छोट्या लाकडी पेटीत रसायन लावलेला कागद ठेवून घराच्या जाळीदार खिडकीचे चित्र टिपले. पोस्टाच्या तिकिटाएवढे ते चित्र आज उपलब्ध असलेले जगातील सर्वांत जुने निगेटिव्ह आहे. खिडकीच्या सुमारे दोनशे काचा भिंगातून मोजता येत होत्या, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

टॅल्बटने पुढे काय टिपले, हेही पाहण्यासारखे आहे. उघडे दार आणि त्याला टेकवलेला खराटा, गवताची गंजी आणि तिच्यावर चढण्यासाठी लावलेली शिडी. राजेरजवाड्यांच्या तसबिरी रंगविणारे चित्रकार तेव्हा पुष्कळ होते. खराट्याकडे मात्र कोणी इतिहास म्हणून पाहत नव्हते. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्या काळच्या शेतघराचे जीवन आपल्याला कळते ते अशा क्षुल्लक वस्तूंमुळेच.

ही कला सामान्यांच्या घरात पोहोचविली चित्रकार्डांनी. १८९४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने खासगी प्रकाशकांची चित्रकार्डे स्वीकारण्यास परवानगी दिली. १९०२ पासून कार्डाच्या एकाच बाजूवर पत्ता आणि मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली व दुसरी बाजू संपूर्ण चित्रासाठी मोकळी झाली. अर्ध्या पेनीच्या तिकिटात खुशाली कळू लागली. गावोगावचे छायाचित्रकार आपल्या गावची पेठ, चर्च, शाळा, मिरवणूक यांची कार्डे छापून विकू लागले. स्विंडन शहरात ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला होता. १९८६ मध्ये तो बंद पडला. परंतु काम सुटल्यावर दारातून बाहेर पडणारा, डोक्यावर टोप्या घातलेला कामगारांचा लोंढा जुन्या कार्डांवर आजही पाहावयास मिळतो.

अशा चित्रांचे मोल किती, हे इंबर या गावाच्या कहाणीवरून उमगते. सॉल्झबरीच्या माळरानावर, एका ओढ्याकाठी वसलेले हे लहानसे गाव. आसपासची शेतजमीन आणि बहुतेक घरे युद्धखात्याने आधीच विकत घेतली होती. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना बोलावून सांगण्यात आले, की अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी सत्तेचाळीस दिवसांत गाव सोडावे लागेल. त्या आगमनकाळात, नाताळ अवघ्या आठवड्यावर आला असताना, सुमारे दीडशे माणसे आपले चंबूगबाळे आवरून निघाली. गावचा लोहार आपल्या ऐरणीवर डोके ठेवून रडला, असे सांगतात. युद्ध संपताच परत येता येईल अशी त्यांची समजूत होती. ती कधीच खरी ठरली नाही. गाव लष्कराच्या ताब्यातच राहिले. घरे ढासळली. सेंट जाइल्स यांच्या नावाचे मध्ययुगीन अँग्लिकन चर्च अजूनही उभे आहे आणि वर्षातील मोजक्याच दिवशी ते लोकांना उघडे असते. ओढ्याकाठची गवताने शाकारलेली घरे आता केवळ जुन्या छायाचित्रांत आणि कार्डांवर उरली आहेत. ज्याने ती टिपली, त्याला आपण एका गावाची शेवटची खूण जपतो आहोत याची कल्पनाही नसेल.

तथापि चित्र सर्वच सांगते असे नाही. वॉर्डर येथील आरुंडेल या कॅथलिक सरदार घराण्याच्या वाड्याचे चित्र पाहावे. दर्शनी भागावर प्रभुमंदिराची एकही खूण आढळणार नाही. परंतु वाड्याच्या एका बाजूच्या इमारतीत १७७६ मध्ये अभिषेक झालेले देखणे कॅथलिक प्रभुमंदिर आहे. कॅथलिक उपासनेवर कायद्याचे निर्बंध असतानाच्या काळातील ही वास्तू. ते निर्बंध १७९१ च्या कायद्याने सैल झाले. भिंतीआडची श्रद्धा कॅमेऱ्याला दिसत नाही. ती कोणीतरी शब्दांत सांगावी लागते.

फादर स्टीफन्स यांचा काळ तर छायाचित्रापूर्वीचा. गोव्यास पोहोचल्यावर, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी आपल्या वडिलांना पत्र लिहून सागरप्रवासाची हकिकत कळविली. ते पत्र जपले गेले, म्हणून त्या प्रवासाचे चित्र आज आपल्यापुढे उभे राहते. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हातांनी नकलून ठेवलेल्या पोथ्यांनी तो ग्रंथ तारला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. साधी माणसे जे जपून ठेवतात तेच पुढच्या पिढ्यांच्या हाती लागते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आपल्या घरोघरीही जुनी छायाचित्रे आहेत. आजोबांचे लग्न, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणारी मुले, चर्चच्या सणाची मिरवणूक, आता बुजलेली विहीर. त्यांतील माणसांना नावानिशी ओळखणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. तिच्याजवळ बसून प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवावे. नावाशिवायचा चेहरा पाहून उद्याचा नातू हळहळेल. नाव सापडले तर तो त्या माणसासाठी एक प्रार्थनाही म्हणू शकेल.