शहरी ब्लॉक आणि मैल : मॅनहॅटन व शिकागो येथील अंतरगणनेचा इतिहास

न्यूयॉर्क अथवा शिकागो येथील रहिवासी अंतर सांगताना अनेकदा मैलाऐवजी ब्लॉकचा उल्लेख करतो. दोन रस्त्यांमधील भूखंड हे वस्तुतः लांबीचे प्रमाणित एकक नव्हे. तथापि व्यवहारात त्यास एककाचे स्थान प्राप्त झाले. ते कसे झाले आणि त्यावर कितपत विसंबता येते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मॅनहॅटनची आखणी करण्यासाठी १८०७ मध्ये तीन आयुक्त नेमण्यात आले. त्यांची योजना १८११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १५५ आडवे रस्ते होते. सामान्य रस्त्याची रुंदी ६० फूट आणि दोन रस्त्यांमधील ब्लॉक सुमारे २०० फूट, म्हणजे एक टप्पा २६० फुटांचा. मैलाचे ५,२८० फूट त्यास भागले असता वीस ब्लॉकांचा मैल हा प्रचलित ठोकताळा मिळतो. (पंधरा रस्ते १०० फूट रुंद असल्याने तो काटेकोर नाही.) मात्र हा हिशेब केवळ उत्तर-दक्षिण दिशेस लागू पडतो. पाचव्या व सहाव्या अव्हेन्यूंमधील ब्लॉक ९२० फुटांचा आहे. अशा लांबीचे पाच ब्लॉक पश्चिमेकडे चालणारा, मधले अव्हेन्यू धरता, जवळजवळ मैलभर चालतो; उत्तरेकडे पाच ब्लॉक जाणारा पाव मैलच. एकाच शब्दाने दोन अंतरे सांगितली जातात, हे नकाशा पाहणाऱ्यापेक्षा पायी चालणाऱ्यास लवकर कळते.

काटकोनी घरे बांधण्यास स्वस्त व राहण्यास सोयीची, असे आयुक्तांनी स्पष्टपणे नमूद केले होते. त्यांच्यापुढे मुख्यतः बांधकामाच्या जागेचा विचार होता. पादचाऱ्याच्या अंतराचा नव्हे. प्रत्यक्ष मोजणी जॉन रॅन्डेल याने केली. त्याने दीड हजारांहून अधिक संगमरवरी खुणा रोवल्या. खडक लागेल तेथे लोखंडी खिळे ठोकले. शेतातून मोजणी नेल्याबद्दल जमीनमालकांनी त्याच्यावर अतिक्रमणाचे दावे लावले. आज सहजपणे मोजले जाणारे ब्लॉक असे तंट्यातून उभे राहिले.

शिकागोची कथा निराळी आहे. तेथे १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार एक मैल बाजूचे चौरस विभाग आधी आखले गेले, शहर नंतर वाढले. मोजणीचे साधन ६६ फुटांची गुंटर साखळी होते. ८० साखळ्यांचा मैल. त्यामुळे मैलाचे आठ भाग केले की प्रत्येकी दहा साखळ्या, म्हणजे ६६० फूट भरतात. (आपल्याकडील १,०८९ चौरस फुटांचा गुंठा म्हणजे याच साखळीच्या निम्म्या लांबीचा, ३३ फुटांचा, चौरस होय.) १९०९ मध्ये एडवर्ड ब्रेनन याच्या सूचनेनुसार घरांना नवे क्रमांक देण्यात आले. स्टेट व मॅडिसन या रस्त्यांचा छेद शून्य मानून प्रत्येक मैलास ८०० क्रमांक ठरले. पत्ता वाचताच अंतर कळावे, अशी ही योजना होती. न्यूयॉर्कमध्ये ब्लॉकवरून मैलाचा अदमास केला गेला, तर येथे मैलावरून ब्लॉक ठरला.

परंतु मॅडिसनच्या दक्षिणेस हा नियम लगेच लागू होत नाही. तेथील रस्त्यांना पूर्वीपासून क्रमांकांची नावे होती आणि ती मैलाशी जुळत नव्हती. घरक्रमांक त्या नावांशी जुळवून घेण्यात आले. परिणामी पहिला मैल बाराव्या, दुसरा बाविसाव्या व तिसरा एकतिसाव्या रस्त्यापाशी पुरा होतो, आणि मैलास आठ ब्लॉक हे प्रमाण त्यापुढे स्थिरावते.