पूर, गाळ आणि ट्रोपोनिन

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. हृदयविकाराच्या झटक्यावर आम्ही काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आत काय बिघडलं ते बाहेरच्या खुणेवरून कसं ओळखायचं, हा प्रश्न न्यायशास्त्राचाही जुनाच प्रश्न आहे.

वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात उदाहरण येतं: नदी फुगलेली दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ताडतो. कार्यावरून कारणाचं अनुमान, म्हणजे 'शेषवत्'. गोंदियाकरांना हे शिकवायला नको. वैनगंगा उगम पावते सिवनी जिल्ह्यात. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वरच्या पावसानं संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि पूर आला तो आपल्याकडे.

हृदयाच्या बाबतीत रक्त ही नदी समजा. स्नायूच्या पेशी मेल्या की त्यांच्यातले पदार्थ रक्तात वाहून येतात. 1954 साली न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवलं की झटक्यानंतर रक्तातलं एसजीओटी वाढतं. पण ते यकृतातूनही येतं. मग सीपीके आलं, त्याहून नेमकं सीपीके-एमबी आलं. तेही अंगाच्या इतर स्नायूंत थोडं असतंच. 1989 साली जर्मनीतल्या ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची चाचणी मांडली. हे स्नायूच्या आकुंचनातलं प्रथिन, आणि हृदयातला त्याचा प्रकार हातापायांच्या स्नायूंतल्या प्रकारापेक्षा वेगळा. 2000 साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी झटक्याची व्याख्याच प्रामुख्यानं ट्रोपोनिनवर बांधली. इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. काल ज्याला 'नुसती छातीतली कळ' म्हटलं असतं, तोच रोगी आज 'झटक्याचा' ठरला. त्याचं हृदय तेच होतं. खूण मात्र व्याख्येत जाऊन बसली होती.

न्यायसूत्रांत यावर आक्षेपही आहे बरं का! पुढे बांध घातला तरी नदी फुगतेच, मग अनुमान खरं कशावरून? आक्षेप अगदी वाजवी. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, हृदयाच्या स्नायूला सूज आली तर, फुप्फुसात गुठळी अडकली तरी ट्रोपोनिन वाढतं. भाष्यकाराचं उत्तर असं की नुसती पातळी बघू नका. प्रवाहाचा वेग, फेस, वाहत आलेली पानं-लाकडं बघा. डॉक्टरही तेच करतात. एका आकड्यावर न थांबता काही तासांनी पुन्हा रक्त घेतात, आकडा चढतो की उतरतो ते पाहतात, त्याला ईसीजी आणि लक्षणांची जोड देतात. 2018 च्या व्याख्येत तर 'हृदयाला इजा' आणि 'झटका' असा स्पष्ट भेदच केला आहे.

पुराला यायला वेळ लागतो, आणि आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. साध्या चाचणीत ट्रोपोनिन दिसायला तीन-चार तास लागतात; नव्या अतिसंवेदनशील चाचणीत लवकर कळतं, पण तिथेही थोडा वेळ जातोच. समजा, देवरी किंवा सालेकशाकडच्या माणसाला पहाटे छातीत दाब आला, अर्ध्या तासात तपासणी झाली, रिपोर्ट 'निगेटिव्ह'. "गॅस असेल, ओवा खा" म्हणून घरी नेलं, तर? पहिला रिपोर्ट म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. उलट, ईसीजीत एसटीचा भाग स्पष्ट वर उचललेला असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायचीच नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन की अँजिओप्लास्टी, हे लगेच ठरवावं लागतं. गोंदियाहून नागपूर रेल्वेनं 130 किलोमीटर, आणि देवरीच्या रोग्याला आधी घरातून निघायचं असतं. 108 ला फोन लवकर करावा तो यासाठी.

रक्त सांगतं की नुकसान झालं. कुठे झालं ते सांगत नाही. त्यासाठी चित्र लागतं. 1953 मध्ये स्वीडनच्या लुंड गावात एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधायचं ध्वनियंत्र हृदयावर धरलं, तिथून इको सुरू झाला. पुढे एमआरआय आला. त्यात गॅडोलिनियम दिल्यावर मेलेला भाग पांढरा चमकतो. मात्र झटक्यानंतर लगेच केलेल्या इकोत न हलणारी भिंत मेलेलीच असते असं नाही, कधी ती नुसती बधिर झालेली असते. काही आठवड्यांनी इको पुन्हा करतात तो म्हणूनच.

आणि ईएफचा आकडा! लोक तो परीक्षेच्या मार्कांसारखा वाचतात. 60 आला की घरचे म्हणतात, चाळीस टक्के हृदय गेलं. अहो, निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. पण 35 म्हणजे काठावर पास, असंही समजू नका. ती गंभीर बाब आहे. जुने इको, जुने ईसीजी एका पिशवीत घालून जपून ठेवा. नवा आकडा हाती आला की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, मागचा किती होता?