हाडांची साक्ष

प्राचीन इजिप्तमधील राजांचीं जतन केलेलीं शवें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु सामान्य घरांतील लेकरांच्या प्रकृतीची साक्ष आपल्याच महाराष्ट्रांत, शिरूर तालुक्यांतील इनामगांवीं सांपडते. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. तेथील लोक मृत बालकांस मडक्यांत ठेवून घरांतच पुरीत. आरंभीं त्या गांवीं चौकोनी घरें, पाट आणि धान्याचें कोठार होतें. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास शेती खालावली, गोल झोपड्या आल्या, आणि पुढील काळांतील बालकांचीं हाडें वयाच्या मानानें खुरटलेलीं दिसतात. गांवाची विपत्ति प्रथम लेकरांच्या अंगीं उतरली. शाळेंत मुलांची उंची व वजन मोजतात, त्याचें मर्म हेंच.