सह्याद्रीचा साग : गलबतापासून आगगाडीपर्यंत

मुंबईच्या गोदींत १८१७ सालच्या ऑक्टोबरच्या १२ तारखेस ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें एक लढाऊ जहाज पाण्यांत सोडण्यांत आलें. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी या नामांकित पारशी नौकाशिल्प्याच्या देखरेखीखालीं तें बांधलें गेलें होतें. त्याचे नकाशे इंग्लंडहून येतां येतां वाटेंतच एका सागरी लढाईंत नष्ट झाले व दुसरी प्रत मागवावी लागली, त्यामुळें त्याच्या जन्मास बराच विलंब झाला. पण जन्मलें तें असें कीं, दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथें तें आजहि पाण्यावर तरंगत आहे. या दीर्घायुष्याचें श्रेय कारागिरांच्या हातांना जितकें आहे, तितकेंच तें लांकडाला आहे. आणि तें लांकूड म्हणजे मलबारकडील घाटरानांतला साग होय.

इंग्लंडचीं जहाजें परंपरेनें ओकच्या लांकडाचीं. परंतु ओकच्या अंगीं जें आम्ल असतें तें लोखंडी खिळ्यांना खातें. उलट सागाच्या अंगचें तेल लोखंडाला जपतें आणि किडीलाहि सहसा जवळ येऊं देत नाहीं. त्यांतच नेपोलियनबरोबर चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडांतील ओकचा तुटवडा पडूं लागला. तेव्हां आरमारी खात्याची नजर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळली. मुंबईस गोदी होती, कारागीर होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालींच सुरतेहून येथें आले होते. उणीव होती ती फक्त अखंड लांकूडपुरवठ्याची, आणि ती सह्याद्रीनें भरून काढावयाची असें ठरून गेलें. सह्याद्रीला अर्थातच कोणी विचारलें नव्हतें.

आरमारासाठीं झाडें तोडणें ही गोष्ट या किनाऱ्याला नवी नव्हती. मराठ्यांचेंहि आरमार होतें व त्यालाहि सोट, डोलकाठ्या, फळ्या लागतच. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त या विषयाचा जो उल्लेख आहे, तो म्हणूनच लक्षांत घेण्यासारखा आहे. आरमाराला उपयोगी असलें तरी आंब्याफणसाच्या झाडाला हात लावूं नये, कारण तें वर्षा-दोन वर्षांत होत नाहीं, रयतेनें तें लेंकराप्रमाणें वाढविलेलें असतें. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलेलें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें, असा त्याचा आशय आहे. या आज्ञेचें पालन प्रत्येक सुभ्यांत कितपत झालें हा प्रश्न निराळा. राज्यकर्त्याच्या मनांत झाडाचें वय आणि झाडाचा धनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं होत्या, एवढें मात्र त्यावरून निश्चित दिसतें. पुढील शंभर वर्षांच्या कारभारांत यांपैकीं कधीं एक विसरली गेली, कधीं दुसरी.

१८०६ सालीं कंपनी सरकारनें कॅप्टन वॉटसन नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यास मलबारच्या जंगलांचा संरक्षक नेमलें. संरक्षक हा शब्द ऐकावयास बरा वाटतो. प्रत्यक्षांत तें सागाच्या मक्त्याचें काम होतें. साग सरकारचा असें ठरलें, जमीनमालकांचे हक्क बाजूला सारले गेले, व्यापारी बुडाले आणि तक्रारींचा पाऊस पडला. अखेर मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनीं १८२३ सालीं हा मक्ता मोडून काढला. रयतेला हायसें वाटलें. परंतु मक्ता गेला तसा धरबंदहि गेला. मग ज्याच्या हातीं कुऱ्हाड त्याचा साग, अशी स्थिति झाली. वीस वर्षांच्या आंतच मलबारचे कलेक्टर कॉनोली यांना निळंबूर येथें सागाची नव्यानें लागवड करण्याचा उद्योग आरंभावा लागला. त्या लागवडीपैकीं कांहीं झाडें अद्यापि उभीं आहेत.

मुंबई इलाख्यांत या प्रश्नाकडे प्रथम डोळसपणें पाहिलें तें डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांनीं. हे स्कॉटलंडचे. कंपनीच्या नोकरींत वैद्य म्हणून आले, देवी टोंचण्याच्या कामानिमित्त दख्खन-गुजराथेंत गांवोगांव हिंडले आणि १८३८ सालीं पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख झाले. १८४७ सालीं त्यांना इलाख्याचे जंगल-संरक्षक नेमण्यांत आलें व १८६० पर्यंत तें काम त्यांच्याकडे होतें. वैद्याला रोगाचीं लक्षणें एकत्र जुळवून पाहण्याची संवय असते. गिब्सननीं कोंकणांत हिंडतांना नेमकें तेंच केलें. डोंगर उघडा पडला कीं त्याच्या पोटांतला झरा आटतो. उतारावर नांगर चालला कीं माती पावसाबरोबर खालीं जाते. आणि ती माती अखेर खाडींत जाऊन बसते व गलबतांची वाट अडवते, हा संबंध त्यांनीं सरकारपुढें पुनःपुन्हां मांडला. सरकारला झऱ्यापेक्षां खाडीचें दुखणें लवकर कळलें असल्यास नवल नाहीं. खाडीवर जकात होती.

याच सुमारास ही चिंता हिंदुस्थानाबाहेरहि पोंचली. ह्यू क्लेगहॉर्न या दुसऱ्या एका स्कॉटिश वैद्याच्या पुढाकारानें एका समितीनें उष्ण कटिबंधांतील अरण्यनाशाच्या परिणामांविषयीं आपला अहवाल १८५१ सालीं ब्रिटिश असोसिएशनपुढें ठेवला. त्या पिढीच्या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक समज असा होता कीं झाडें पाऊस ओढून आणतात, तेव्हां झाडें गेलीं कीं पाऊसहि जाणार. कोंकणापुरतें पाहिलें तर हें म्हणणें टिकत नाहीं. नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून येतात, त्यांच्या वाटेंत सह्याद्रीची भिंत आडवी उभी आहे, आणि त्या भिंतीवर झाडें असोत वा नसोत, शंभर-शंभर इंच पाऊस पडावयाचाच. अरण्याचें खरें काम पाऊस पडल्यावर सुरू होतें. दाट पानोळ्यावर थेंबाचा मार मंदावतो, कुजलेला पालापाचोळा पाणी शोषतो, मुळांनीं पोखरलेल्या मातींतून तें हळूहळू खालीं झिरपतें आणि माघ-फाल्गुनांत झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. तीच जमीन उघडी पडून गुरांच्या पायांखालीं घट्ट झाली कीं तेंच पाणी चार घटकांत डोंगर उतरून जातें. म्हणूनच जुलैंत पुरानें वाहणाऱ्या गांवाला मार्चांत पाण्यासाठीं दोन कोस चालावें लागतें, हा कोंकणचा परिचित चमत्कार घडतो. गिब्सन यांचें निदान झऱ्याच्या बाबतींत बरोबर होतें. खाडीच्या बाबतींत तें अर्धें बरोबर म्हणावें लागेल. कारण इतक्या पावसांत इतक्या उभ्या उतारावरून कांहीं माती कुऱ्हाडीवांचूनहि वाहून येणारच.

१८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि लांकडाच्या हिशेबाचें मापच बदललें. जहाज एकदां बांधलें कीं पन्नास वर्षें पाहावें लागत नसे. रुळांखालच्या आडव्या तुळ्यांचें, ज्यांना आपल्याकडे स्लीपर म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तसें नाहीं. एका मैलाला अशा सतराशें साठ ते दोन हजार तुळ्या लागत. उन्हापावसांत व वाळवींत टिकणारीं लांकडें म्हणजे साग, साल आणि हिमालयांतील देवदार. बाकीच्यांच्या तुळ्या थोड्याच वर्षांत कुजत व पुन्हां नव्या घालाव्या लागत. १८६३ सालीं बोरघाट खुला झाला, त्यानंतर दोन वर्षांनीं थळघाटाचा मार्ग. १८६० सालीं सर्व हिंदुस्थानांत मिळून सुमारें ८४० मैलांचा लोहमार्ग होता. १९१० सालीं तो ३२,००० मैलांवर गेला. मैलाला सतराशें साठ हा आंकडा धरला तरी ही संख्या साडेपांच कोटींच्या पुढें जाते. अर्थात् हा हिशेब कागदावरचा. कांहीं तुळ्या लोखंडी होत्या, कांहीं परदेशांतून आल्या. पण कुजलेल्या तुळ्या बदलण्याचा खर्च त्यांत धरलेलाच नाहीं. आगगाडीच्या नांवानें बोटें मोडण्याचें कारण नाहीं. दुष्काळांत धान्य तिनेंच पोंचविलें. मात्र तिच्या तिकिटाच्या किंमतींत डोंगराचा वाटा कोणी मांडला नव्हता.

सरकारला जंगलाची खरी काळजी वाटूं लागली ती या तुळ्यांपायीं. १८५५ सालीं लॉर्ड डलहौसी यांनीं वनांसंबंधीं आपलें प्रसिद्ध धोरण जाहीर केलें. १८६४ सालीं डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्व हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे मुख्य झाले. १८६५ सालीं पहिला व १८७८ सालीं दुसरा, अधिक कडक, कायदा झाला. राखीव आणि संरक्षित हे शब्द गांवांगांवांतून ऐकूं येऊं लागले.

येथून कथेला दुसरें तोंड फुटतें. ठाणें-कुलाबा भागांतील भातशेतीला राब लागतो. रोपें करावयाच्या तुकड्यावर झाडांचा टहाळा, पालापाचोळा व शेण जाळावें, मग राखेंत बीं पेरावें, ही तेथील पिढीजात रीत. राखीव हद्द आंखली गेली आणि टहाळा तोडणें हा गुन्हा होऊन बसला. खैराच्या लांकडाचा कात काढून पोट भरणाऱ्या, व त्यावरूनच नांव पडलेल्या, कातकऱ्यांचा धंदा मोडला. पुढें त्यांतले कित्येक मुंबईच्या चुलींसाठीं कोळशाच्या भट्ट्या लावूं लागले. रयतेचा असंतोष इतका वाढला कीं १८८५ सालीं सरकारला मुंबई जंगल कमिशन नेमावें लागलें. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला होता. रानांतलीं फळें, पळसामोहाचीं पानेंफुलें, सरपणाची मोळी आणि चार शेळ्या यांवर तगणारा लहान शेतकरी जंगलखात्यानें कसा उघडा पाडला, याचें त्यांतील वर्णन जळजळीत आहे. पण त्याच ग्रंथांत ते केवळ तक्रार करून थांबत नाहींत. डोंगरांवरून वाहून येणारें पालापाचोळ्याचें सत्त्व शेतांत मुरावें म्हणून लष्कर व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणीं बंधारे घालून घ्यावेत, अशी सूचना ते करतात. माती आणि पाणी यांचा जो संबंध गिब्सन यांनीं सरकारी कागदांत मांडला, तोच येथें शेताच्या बांधावरून पाहिलेला आहे. दोघांच्या दृष्टींतला फरक इतकाच कीं एकाला डोंगर राखावयाचा होता, दुसऱ्याला डोंगराखालचा माणूसहि राखावयाचा होता. जंगलखात्यानें पहिल्याचें अर्धें ऐकलें. दुसऱ्याचें ऐकण्यास त्याला फार काळ लागला. वनांत राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा झाला तो २००६ सालीं.

सरकारी हद्दीच्या बाहेर, कोणाच्याहि आज्ञापत्रावांचून, जुनें अरण्य टिकलें तें देवरायांत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील अशा राया पायीं हिंडून नोंदल्या. देवाच्या भयानें वाळकी काटकीहि न उचललेल्या या राया बहुधा कांहीं थोड्या एकरांच्याच. पण आसपासच्या बोडक्या उतारांवर मुळीं कसलें रान होतें, हें कळण्यास आज दुसरा नमुना क्वचितच उरला आहे. पुष्कळ ठिकाणीं गांवाचा बारमाही झरा याच राईच्या बुडाशीं सांपडतो. देवीचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणून राईच विकल्याचीं उदाहरणेंहि आहेत. देऊळ पक्कें होतें आणि झरा जातो.

२०२१ सालच्या जुलैच्या २२ तारखेस महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर कोसळला आणि ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्याच पावसांत महाड शहर सावित्रीच्या पुरांत बुडालें. इतका पाऊस थोड्या वेळांत पडला कीं दाट रानानेंहि त्यापुढें कितपत टिकाव धरला असता याविषयीं तज्ज्ञ सावधपणेंच बोलतात. पूर ओसरल्यावर महाडकरांनीं जी मागणी लावून धरली ती सावित्रीच्या पात्रांतला गाळ उपसण्याची होती, आणि पुढील उन्हाळ्यांत तें काम सुरूहि झालें. ज्या पात्रांतून एके काळीं गलबतें महाडच्या धक्क्याला लागत, त्याच पात्रांत यंत्रें उतरून डोंगराची माती बाहेर काढूं लागलीं.