सिकलसेल आणि मूळपेशी : पूर्व विदर्भातील एका उपचाराचा इतिहास

सिकलसेल हा पूर्व विदर्भातील जुना आनुवंशिक रक्तविकार आहे. भंडारा आणि साकोली यांच्या मध्ये, मुंबई–कोलकाता महामार्गावर वसलेले लाखनी हे धानाच्या पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण याच प्रदेशात येते. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, बदलल्या तर मुळातून बरा होऊ शकतो अशा मोजक्या आजारांमध्ये सिकलसेलची गणना होते. त्यामुळे मूळपेशी संशोधनाने कोणती आशा दाखवली आणि ती कुठे अडली, हे या पट्ट्यात स्पष्ट दिसते.

या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. त्यानंतर व्हर्नन इन्ग्राम यांनी तो नेमका हेरला : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्याशा बदलाने तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी होताच विळ्याच्या आकाराच्या बनतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसच. हाडे आणि सांधे असह्य दुखणे, रक्त कमी होणे, प्लीहा निकामी होणे आणि वारंवार जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम होत.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. मध्य भारतातील नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये नागपूरहून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. महाराष्ट्राचे व्यापक चित्र नंतर पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांच्या सर्वेक्षणांतून पुढे आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार भिल्ल, माडिया, पावरा, परधान या जमातींत हे जनुक २० ते ३५ टक्के लोकांत आढळते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जास्त रुग्णांचे जिल्हे असल्याचेही त्यात नमूद आहे. विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे. हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांना, म्हणजे वाहकांना, मलेरियापासून काही संरक्षण मिळत असल्याने मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले.

तांबड्या पेशी हाडांच्या मगजात (अस्थिमज्जेत), तेथील मूळपेशींपासून सतत तयार होत असतात. टोरांटोच्या टिल आणि मॅककलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या पेशींचे अस्तित्व दाखवले. ई. डॉनल थॉमस यांनी मगज प्रत्यारोपणाची पद्धत घडवली आणि १९९० चे नोबेल त्यांना मिळाले. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिले यशस्वी मगज प्रत्यारोपण केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिसहून एका आठ वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी केले होते, पण तिला सिकलसेलही होता आणि दोन्ही आजार बरे झाले. सिकलसेल बरा होतो, याचा हा पहिला पुरावा होता.

त्यानंतरचे आकडे चांगले आहेत. जुळणाऱ्या भावंडाचा मगज मिळालेल्या १,००० रुग्णांच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात पाच वर्षांनी ९३ टक्के रुग्ण हयात होते. अडचण आहे ती दात्याची. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि त्या भावंडाला स्वतः हा आजार असता कामा नये. उपचारापूर्वी दिल्या जाणाऱ्या तीव्र औषधांनी वंध्यत्व येऊ शकते, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात आणि खर्च लाखांत जातो. धानाच्या शेतीवर आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला महिनोन् महिने मोठ्या शहरातील रुग्णालयाजवळ राहणेही परवडत नाही.

दात्याची गरजच उरू नये म्हणून मूळपेशी प्रयोगशाळेत बनवाव्यात, ही दुसरी आशा. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या केल्या. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या पेशीवाणांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे वाणही होते. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मूळपेशींचे गुण दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत याच पद्धतीने, जनुक दुरुस्त करून, उंदरातील सिकलसेल बरा करण्यात आला. मात्र उंदरातील हे यश रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले नाही, कारण अशा पेशींपासून शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या रक्ताच्या मूळपेशी बनवणे अवघड ठरले. याच काळात या क्षेत्राची पतही घसरली. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचे क्लोन केलेल्या भ्रूणपेशींचे दावे बनावट निघाले आणि २००६ मध्ये ते लेख मागे घेण्यात आले.

भारतात धोका निराळा होता. सिद्ध न झालेले ‘स्टेम सेल उपचार’ अनेक ठिकाणी विकले जाऊ लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातून ‘थेरपी’ हा शब्दच वगळला. रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर मान्य चाचणीपुरताच असावा, अशी परिषदेची भूमिका आहे. नाळेचे रक्त खासगी पेढीत साठवण्यालाही परिषद उत्तेजन देत नाही. सिकलसेलच्या बाळाला तर त्याचेच रक्त उपयोगी पडत नाही, कारण त्यातही तेच सदोष जनुक असते.

दात्याशिवायचा उपचार अखेर दुसऱ्या वाटेने आला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, जनुक संपादित करून परत देण्याच्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेला ‘बिरसा १०१’ हा देशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले. स्वस्त उपचाराची आशा त्यावर आहे. पण मोठ्या संख्येने रुग्णांवर तो अजून पारखला जायचा आहे.

दरम्यान रुग्णांना आधार मिळाला तो साध्या उपायांचा. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ च्या चाचणीत सिद्ध झाले. विदर्भात जनजागृती करणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात बोटातील रक्ताची प्राथमिक चाचणी होते, नंतर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री केली जाते आणि वाहकाला पिवळे, रुग्णाला लाल कार्ड मिळते. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गरोदरपणी बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वीच्या तपासणीला महत्त्व आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मूळपेशींनी सिकलसेल बरा होतो, हे १९८४ पासून ठाऊक आहे. तो उपचार जुळणारा दाता आणि पैसा दोन्ही असलेल्या थोड्यांनाच मिळाला. लाखनीसारख्या तालुक्यातील बहुसंख्य रुग्णांसाठी आजही वेळेवर तपासणी, नियमित गोळी आणि जवळचे आरोग्य केंद्र हेच खरे उपचार आहेत.