आतड्याचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचा पहारा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. रोगग्रस्त भाग आणि लगतच्या लसिका ग्रंथी काढून आतड्याची टोके जोडली जातात. टाके निघाले, रुग्ण गावी परतला, की घरच्यांना आजार संपल्यासारखा वाटतो. मात्र काही रुग्णांत तो पुन्हा उद्भवतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत.

याचे कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी. गाठ काढण्यापूर्वीच त्या रक्तावाटे यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचलेल्या असू शकतात. त्यांना रोखण्यात प्रतिकारशक्तीचा मोठा वाटा असतो. पण शस्त्रक्रियेच्या ताणामुळे काही दिवस तीच मंदावते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा ताण तुलनेने कमी असतो. दीर्घकालीन निष्कर्ष मात्र दोन्ही पद्धतींचे जवळपास सारखेच आहेत.

पॅरिसचे संशोधक जेरोम गालों यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की गाठीत शिरलेल्या टी पेशींची संख्या व जागा पाहून रोग परतण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधता येतो. भारतासह अनेक देशांतील २,६८१ रुग्णांच्या अभ्यासाने २०१८ मध्ये त्यास दुजोरा दिला.

काही गाठींत जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. अशा पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेत लवकर भरतात. या प्रकारच्या तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांना केमोथेरपीसोबत इम्युनोथेरपी दिल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७६ वरून ८६ टक्क्यांवर गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे औषध महागडे आहे आणि सर्वांना लागू पडत नाही. म्हणून आधी गाठीची तपासणी हवी.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले किंवा जामखेडच्या रुग्णास उपचारांसाठी लोणीचे प्रवरा रुग्णालय, विळद घाटातील विखे पाटील रुग्णालय, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय किंवा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. या प्रवासात पॅथॉलॉजी अहवाल हरवू देऊ नये. किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्या का, कडा रोगमुक्त आहेत का आणि वरील दुरुस्ती यंत्रणेची चाचणी झाली का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

केमोथेरपी सांगितली असल्यास ती साधारणतः आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. पुढे पाच वर्षे ठरावीक अंतराने सीईए रक्तचाचणी व सीटी स्कॅन, तर वर्षभरानंतर कोलोनोस्कोपी करावी. नियमित, नियोजित व्यायामाने रोग परतण्याचा धोका घटतो, हेही २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीतून स्पष्ट झाले. बरे वाटते म्हणून तपासणी टाळणे मात्र महागात पडू शकते. लवकर आढळलेला रोग अनेकदा पुन्हा शस्त्रक्रियेने काढता येतो.